माधवराव सप्रे : हिंदीच्या मुलखातील मराठी संपादक-प्रकाशक

जानेवारी १९०० या एकाच महिन्यात, परस्परांशी कसलाही संबंध नसलेल्या तीन ठिकाणी तीन नियतकालिके जन्मास आली. पणजीत मेसियस गोमेश यांनी २२ जानेवारीस ‘ओ हेराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिक सुरू केले. अलाहाबादेत इंडियन प्रेसचे मालक चिंतामणी घोष यांनी ‘सरस्वती’ हे हिंदी मासिक काढले. आणि बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा या जंगलपट्टीतील लहानशा जमीनदारीच्या गावी राहून अठ्ठावीस वर्षांच्या एका मराठी शिक्षकाने ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचा पहिला अंक सिद्ध केला. पहिली दोन पत्रे दीर्घायुषी ठरली. तिसरे अवघी तीन वर्षे चालले. तरीही हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्या तीन वर्षांना जे स्थान आहे, ते अनेक दीर्घायुषी पत्रांना लाभलेले नाही. त्या शिक्षकाचे नाव माधवराव सप्रे.

महाराष्ट्रात आणि गोमंतकात हे नाव फारसे परिचित नाही. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी अनुवादक एवढीच त्यांची ओळख मराठी वाचकास असते, तीही असलीच तर. उलट छत्तीसगढ आणि मध्य प्रदेशात त्यांच्या नावाने शाळा आहे, संग्रहालय आहे, आणि हिंदी साहित्याच्या विद्यार्थ्यास त्यांच्या एका लघुकथेवर परीक्षेत प्रश्न सोडवावा लागतो.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडील कोंडोपंत, आई लक्ष्मीबाई. सागर-दमोहच्या परिसरात मराठी घराणी कशी पोहोचली, हे इतिहासाच्या वाचकास ठाऊक आहेच. अठराव्या शतकात गोविंदपंत बुंदेले यांच्यामार्फत त्या मुलखावर पेशव्यांचा अंमल बसला, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, सावकार, शिलेदार असे सारे गेले. १८१८ नंतर पेशवाई राहिली नाही, माणसे मात्र तिथेच राहिली. पूर्वेकडे छत्तीसगढात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यामुळे हेच घडले, आणि पश्चिमेकडे गुजरातेत गायकवाडांच्या मागून हेच घडले. राज्ये गेली तेव्हा वा बदलली तेव्हा या माणसांनी आपल्या भाषेचे काय केले, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने सुटला. सप्रे यांचे चरित्र हे त्या प्रश्नाच्या एका उत्तराचे चरित्र आहे.

कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावलेली होती. थोरले बंधू बाबूराव नोकरीनिमित्त बिलासपुरास होते. लहानगा माधव त्यांच्या आश्रयास आला आणि त्याचे प्राथमिक शिक्षण तिथेच झाले. पुढे रायपूरच्या सरकारी हायस्कुलात त्यास नंदलाल दुबे हे हिंदीचे शिक्षक भेटले. हिंदी ही केवळ बाजारात बोलण्याची भाषा नसून ग्रंथांची भाषा होऊ शकते, ही जाणीव दुबे यांच्या सहवासात झाली, असे सर्व चरित्रकार मानतात. त्यानंतरचे शिक्षण अनेक खंड पडत झाले: जबलपूरचे रॉबर्टसन कॉलेज, आजारपण, मध्ये काही काळ ठेकेदारीचा एक प्रयत्न व त्यात आलेली खोट, मग ग्वाल्हेरचे व्हिक्टोरिया कॉलेज, आणि अखेर शतक संपता संपता कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी. त्या काळी मध्य प्रांतात पदवीधर मोजके होते. सरकारी नोकरी, तीही बऱ्या हुद्द्याची, सहज मिळाली असती, आणि सासरची मंडळी ती मिळवून देण्याच्या खटपटीतही होती. माधवरावांनी ती नाकारली. पेंड्र्याच्या राजकुमारास शिकविण्याची दरमहा पन्नास रुपयांची नोकरी मात्र त्यांनी पत्करली, कारण तीत मोकळा वेळ होता आणि पगारातून थोडी शिल्लक टाकता येत होती. त्या शिल्लकीतून मासिक निघाले.

‘छत्तीसगढ मित्र’चे प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे, आणि संपादक म्हणून माधवराव सप्रे यांच्यासह रामराव चिंचोलकर यांचे नाव होते. तिन्ही आडनावे पाहावीत. छत्तीसगढातील पहिले नियतकालिक म्हणून ज्याची नोंद होते, ते हिंदी मासिक काढणारे तिघेही जण घरी मराठी बोलणारे होते. लाखे हे पुढे छत्तीसगढातील सहकारी चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले. सावकारी पाशातून शेतकऱ्यास सोडविण्यासाठी रायपुरात १९१३ मध्ये सहकारी बँक उभी राहिली, ती त्यांच्या पुढाकाराने. तोट्यात चाललेल्या मासिकाचा जमाखर्च ज्याने तीन वर्षे सांभाळला, त्यास बँक चालविणे जड गेले नसावे.

मासिकाची छपाई आरंभी रायपुरात, कय्यूमी प्रेसमध्ये होत असे. पुढे ती नागपूरच्या देशसेवक प्रेसकडे गेली. संपादक पेंड्र्यात, छापखाना रायपुरात आणि वाचक हिंदी प्रदेशभर पांगलेले, अशा स्थितीत अंक वेळेवर निघणे हीच एक कसरत होती. मुद्रिते टपालाने यायची, तपासून टपालाने परत जायची. ‘सरस्वती’च्या पाठीशी स्वतःचा सुसज्ज छापखाना असलेला धनिक मालक होता. ‘मित्र’च्या पाठीशी शिकवणीचे पन्नास रुपये आणि वर्गणीदारांची सदिच्छा होती. सदिच्छेने कागदाचे बिल भागत नाही. दरवर्षी तूट येत राहिली आणि डिसेंबर १९०२ च्या अंकानंतर मासिक बंद करावे लागले.

या तीन वर्षांत दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे ग्रंथपरीक्षण. तोवर हिंदीत पुस्तकाचा ‘अभिप्राय’ म्हणजे पोच आणि स्तुती असाच प्रघात होता. मराठीत ‘निबंधमाले’पासून परखड परीक्षणाची जी परंपरा सुरू झाली होती, तिच्या वातावरणात वाढलेल्या सप्रे यांनी ती हिंदीत आणली. श्रीधर पाठक यांच्यासारख्या मान्यवर कवीच्या पुस्तकांचीही त्यांनी गुणदोष दाखवून सविस्तर चिकित्सा केली. परीक्षण कशासाठी असते, लेखकाच्या मानापेक्षा वाचकाचे हित मोठे का, याविषयी ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. काही लेखक रुष्ट झाले. हिंदी समीक्षेच्या इतिहासकारांनी मात्र या लेखांना आरंभबिंदूंपैकी एक मानले आहे.

दुसरी गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षातही आली नाही. १९०१ मध्ये ‘मित्र’मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही पानभराची कथा छापली गेली. जमीनदाराने एका अनाथ विधवेची झोपडी बळकावली आहे. चूल घालण्यासाठी तिथली टोपलीभर माती नेऊ द्यावी, एवढेच तिचे मागणे, आणि टोपली डोक्यावर ठेवण्यास ती त्याचाच हात मागते. टोपली त्याच्याने उचलवत नाही. मग ती त्यास विचारते की एका टोपलीचा भार पेलवत नाही, तर या जागेच्या साऱ्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार? कथा एवढीच. १९६८ मध्ये ‘सारिका’ मासिकातून हिंदीची पहिली कथा कोणती हा वाद पेटला, तेव्हा देवीप्रसाद वर्मा यांनी या कथेचा दावा पुढे मांडला. किशोरीलाल गोस्वामी यांची ‘इंदुमती’, रामचंद्र शुक्ल यांची ‘ग्यारह वर्ष का समय’, बंगमहिला यांची ‘दुलाईवाली’ हेही त्या मानाचे दावेदार आहेत, आणि वाद अद्याप मिटलेला नाही. पहिलेपणाचे असले वाद बहुधा ‘कथा’ शब्दाच्या व्याख्येपाशी येऊन अडतात, म्हणून त्यात फार गुंतण्याचे कारण नाही. इतके मात्र खरे की भोसलेशाहीच्या व नंतर इंग्रजी अमलाच्या जमीनदारी पट्ट्यात राहणाऱ्या माणसानेच ही कथा लिहावी, हे स्वाभाविक होते. पेंड्र्यात तो जमीनदाराच्याच घरचे अन्न खात होता, हेही विसरू नये.

मासिक बंद पडल्यावर सप्रे नागपुरास आले. याच सुमारास काशीची नागरी प्रचारिणी सभा शास्त्रीय परिभाषेचा हिंदी कोश सिद्ध करीत होती, आणि त्यातील अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम सप्रे यांच्याकडे आले. नव्या ज्ञानासाठी देशी शब्द घडविण्याचा हा उद्योग त्या काळी अनेक ठिकाणी चालू होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा जो बहुभाषी कोश करविला, तो ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराजांकडे खजिना होता, सप्रे यांच्याकडे केवळ टाक-दौत. पण काम एकाच जातीचे होते.

बडोद्याचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. गायकवाडांच्या राजधानीत मराठी माणसाला आपले वर्तमानपत्र मराठीत काढता आले. दामोदर सावळाराम यंदे यांचे ‘श्रीसयाजीविजय’ हे साप्ताहिक गुजरातच्या भूमीत मराठीतच निघत असे, आणि याच यंद्यांनी पुढे मुंबईचे ‘इंदुप्रकाश’ही चालविले. बडोदा संस्थानात नोकरीस असलेल्या अरविंद घोष यांनी १८९३-९४ मध्ये काँग्रेसच्या मवाळ धोरणावर टीका करणारी इंग्रजी लेखमाला लिहिली, ती याच ‘इंदुप्रकाशा’त. दरबार मराठी, सरदार मराठी, शाळांत मराठी, त्यामुळे तिथे मराठी पत्रास वाचक होता. आज दांडिया बाजारापासून रेल्वे स्थानकापलीकडच्या अलकापुरीपर्यंत विखुरलेली मराठी घरे सकाळी बहुधा गुजराती वर्तमानपत्र उघडतात, तरीही घरात मराठी बोलतात आणि साहित्य संमेलन भरविण्याइतकी हौस बाळगतात. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी बडोद्याची संमेलने झाली. रायपुरातही १९८१ मध्ये गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन भरले होते. म्हणजे छत्तीसगढातही मराठी मेली नाही. पण बडोद्यास जो राजाश्रय होता, तो १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर रायपूर-बिलासपुरास उरला नव्हता. तेथील मराठी संपादकासमोर दोन वाटा होत्या: मूठभर स्वभाषकांसाठी लिहावे, किंवा ज्यांच्यात राहतो त्या लाखोंच्या भाषेत लिहावे. सप्रे यांनी दुसरी वाट धरली. काशीत बाबूराव विष्णू पराडकर यांनी हिंदीत, आणि बंगालात सखाराम गणेश देऊसकर यांनी बंगालीत हेच केले.

देशांतर केलेल्या समाजाच्या वृत्तपत्रांचा विचार करताना अमेरिकेतील जर्मन पत्रांचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि येथे ते उपयोगीही आहे. न्यूयॉर्कमध्ये १८३४ मध्ये निघालेले ‘श्टाट्स-त्साइटुंग’ हे पत्र जर्मनीतून आलेल्यांसाठी जर्मनमध्येच निघे. मालक याकोब ऊल १८५२ मध्ये निधन पावले, त्यानंतर त्यांची पत्नी ॲना हिने ते समर्थपणे चालविले. मोराव्हियात जन्मलेले, १८४८ च्या क्रांतीत भाग घेऊन पळून आलेले ओस्वाल्ड ओटेनडॉर्फर तिच्या कचेरीत नोकरीस लागले, संपादक झाले आणि १८५९ मध्ये तिचे पतीही झाले. त्यांच्यानंतर पत्राची सूत्रे न्यूयॉर्कमध्येच जन्मलेल्या हर्मन रिडर यांच्या हाती आली. १९१५ मध्ये ते वारले तेव्हा युरोपात युद्ध पेटले होते, आणि अमेरिका त्यात उतरताच जर्मन भाषा हीच संशयाची वस्तू ठरली. रिडर यांच्या मुलांनी इंग्रजी वृत्तपत्रे विकत घेत आपला व्यवसाय टिकविला. ‘नाइट रिडर’ ही मोठी वृत्तपत्रसंस्था त्या शाखेतून पुढे आली. जर्मन-अमेरिकन प्रकाशकांस जे तिसऱ्या टप्प्यावर नाइलाजाने करावे लागले, ते सप्रे यांनी पहिल्याच टप्प्यावर स्वेच्छेने केले होते, एवढाच या तुलनेचा अर्थ. शिवाय सप्रे यांच्या हातून वृत्तपत्रांचा धंदा कधीच उभा राहिला नाही.

नागपुरात त्यांनी हिंदी ग्रंथ प्रकाशनासाठी मंडळी स्थापन केली आणि १९०६ पासून ‘हिंदी ग्रंथमाला’ हे मासिक प्रकाशन सुरू केले. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला ‘स्वाधीनता’ हा अनुवाद या मालेने वाचकांपर्यंत नेला. सप्रे यांचा स्वतःचा ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ हा दीर्घ निबंधही याच काळातला; तो पुढे सरकारने जप्त केला. बंगालची फाळणी, स्वदेशी आणि बहिष्कार यांनी देश ढवळून निघाला होता. टिळकांचा ‘केसरी’ मराठी मुलखाच्या बाहेर पोहोचत नव्हता. तो हिंदीतून पोहोचवावा या उद्देशाने, टिळकांच्या संमतीने, १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ निघू लागला. ‘केसरी’तील लेखांचे अनुवाद आणि स्वतंत्र लेखन, असे त्याचे स्वरूप होते. या पत्राने बहिष्कार व राष्ट्रीय चळवळ या विषयावर निबंधस्पर्धा घेतली, तीत खंडव्याच्या एका तरुण शाळामास्तराचा निबंध पहिला आला. त्याचे नाव माखनलाल चतुर्वेदी. पुढे चतुर्वेदी आयुष्यभर सप्रे यांना गुरुस्थानी मानीत राहिले.

१९०८ चे वर्ष उजाडले ते संकटे घेऊनच. ३० एप्रिलला मुजफ्फरपुरात बाँब पडला. जूनमध्ये वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. २२ जुलै रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा ठोठावण्यात आली. ऑगस्टमध्ये नागपुरात पोलिसांनी दोन संपादकांस कलम १२४-अ खाली पकडले: ‘देशसेवक’चे अच्युत बळवंत कोल्हटकर आणि ‘हिंदी केसरी’चे माधवराव सप्रे. कोल्हटकरांना कारावास घडला. पुढे १९१५ मध्ये मुंबईत ‘संदेश’ काढून ते मराठी वृत्तपत्रसृष्टीत गाजले. सप्रे नोव्हेंबरमध्ये सुटले. त्यांनी माफीपत्रावर सही केली होती.

हे घडले कसे, याविषयी चरित्रकार एकमुखाने एकच हकीकत सांगतात. ज्या थोरल्या बंधूंनी लहानपणापासून सांभाळले, ते सरकारी नोकरीत होते. ते तुरुंगात भेटीस आले, आणि सही न केल्यास आपण प्राण देऊ असे त्यांनी बजावले. माधवराव मोडले. चरित्रकारांची ही हकीकत खोटी मानण्याचे कारण नाही. पण ती सांगताना बहुतेकांचा सूर वकिली होतो, तो टाळला पाहिजे. माफी ही माफीच होती. त्याच कलमाखाली त्याच गावात पकडलेला दुसरा संपादक तुरुंगात राहिला होता, आणि ज्यांच्या पत्राचे नाव सप्रे यांनी आपल्या पत्रास दिले होते, ते मंडालेच्या तुरुंगात होते. लोकांनी तोंडावर नसले तरी पाठीमागे बोल लावले. ‘हिंदी केसरी’ त्यानंतर फार काळ टिकला नाही, ‘ग्रंथमाला’ही थांबली. त्यांच्याविषयी आदर वाटतो तो त्यापुढच्या वर्तनामुळे. त्यांनी स्वतःचा बचाव कधी छापला नाही. पत्रकाराजवळ लेखणी असते, आणि आपली बाजू मांडण्याचा मोह अशा वेळी अनावर असतो. सप्रे गप्प राहिले.

ते रायपुरास परतले आणि वर्षभर मधुकरी मागून जेवले. पदवीधर, प्रसिद्ध संपादक, झोळी घेऊन घरोघर उभा राहिलेला गावाने पाहिला. त्यानंतर वर्ध्याजवळच्या हनुमानगढ येथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषांच्या सान्निध्यात ते काही काळ राहिले. तेथे ‘दासबोधा’ची पारायणे झाली आणि त्यातूनच ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद उभा राहिला. रामदासांचा ग्रंथ हिंदी वाचकास प्रथम सुबोध रूपात मिळाला तो या अनुवादामुळे. रायपुरात त्यांनी रामदासी मठ आणि मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. त्या पाठशाळेत मुली पाठविण्यास लोक आधी राजी नव्हते, आणि घरोघरी जाऊन मुली मागणारा हा माणूस तोच होता, ज्याने थोड्याच दिवसांपूर्वी त्याच घरी भिक्षा मागितली होती.

टिळक १९१४ मध्ये मंडालेहून सुटले. तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करण्याचे काम सप्रे यांच्याकडे आले, आणि तो अनुवाद टिळकांच्या हयातीतच पुण्याच्या गायकवाडवाड्यातून बाहेर पडला. (हा वाडा टिळकांनी बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतला होता, म्हणून ते नाव.) ज्याने माफी मागितली होती, त्याच्या हाती माफी न मागितलेल्याने आपला आयुष्यातील सर्वांत मोठा ग्रंथ दिला. टिळकांनी यावर काही भाष्य केले असो वा नसो, या कृतीपुढे शब्दांची गरज भासत नाही. अनुवादही तोलाचा उतरला. मराठीतील लांब, पोटवाक्यांनी भरलेली टिळकी वाक्ये हिंदीत आणताना सप्रे यांनी ती फोडली नाहीत, सैलही होऊ दिली नाहीत. शास्त्रार्थाची भाषा तशीच राखली. उत्तर हिंदुस्थानात ‘गीतारहस्य’ शंभर वर्षे वाचले जात आहे ते मुख्यतः याच रूपात. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक मराठी ग्रंथाचा ‘महाभारत मीमांसा’ हा त्यांचा अनुवाद १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. रामदास, टिळक, वैद्य: मराठीतील तीन निरनिराळ्या काळांतील आणि प्रकृतींतील ग्रंथ एकाच माणसाने हिंदीत नेले. अशा कामाची मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंद का सापडत नाही, याचे उत्तर सोपे आहे. आपण आपल्या भाषेत काय आले याचा हिशेब ठेवतो, आपल्या भाषेतून काय गेले याचा ठेवीत नाही.

वृत्तपत्राची ओढ अद्याप सुटली नव्हती. जबलपुरात राष्ट्रीय विचाराचे हिंदी साप्ताहिक काढण्याची योजना आखली गेली, तिच्यात सप्रे अग्रभागी होते. भांडवल उभे करणे, छापखाना लावणे, माणसे जमविणे ही कामे त्यांनी केली. संपादक म्हणून मात्र स्वतःचे नाव न घालता त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांना पुढे केले. १७ जानेवारी १९२० रोजी ‘कर्मवीर’ निघाला. पुढच्याच वर्षी राजद्रोहाबद्दल चतुर्वेदी यांना शिक्षा झाली आणि ते काही काळ बिलासपूरच्या तुरुंगात होते, म्हणजे सप्रे ज्या गावात लहानाचे मोठे झाले त्या गावात. त्यांनी माफी मागितली नाही. गुरूला हे पाहताना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

असहकाराच्या काळात रायपुरात राष्ट्रीय विद्यालय आणि हिंदू अनाथालय उभे राहिले, त्यामागेही सप्रे होते. १९२४ मध्ये देहरादून येथील अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. आपण जन्माने महाराष्ट्रीय असलो तरी हिंदीचा अभिमान कोणाही हिंदीभाषकाइतकाच बाळगतो, अशा आशयाचे विचार त्यांनी तेथे मांडले. हिंदीच्या सर्वोच्च व्यासपीठावर मराठी माणूस बसला, याचे तेथील कोणास नवल वाटले नाही. आज वाटले असते.

प्रकृती तोवर खचली होती. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. वय अवघे चौपन्न. गोविंदराव हर्डीकर यांनी हिंदीत त्यांचे चरित्र लिहिले, तेच अनेक वर्षे एकमेव साधन होते. ‘छत्तीसगढ मित्र’चे जुने अंकही दुर्मीळ झाले होते. १९ जून १९८४ रोजी, सप्रे यांच्या जन्मदिनी, विजयदत्त श्रीधर यांनी भोपाळात ‘माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय’ सुरू केले. घरोघरच्या माळ्यांवरून, बंद पडलेल्या छापखान्यांतून आणि रद्दीतून जुनी वृत्तपत्रे गोळा करीत ते वाढत गेले, आणि हिंदीबरोबर उर्दू, मराठी, गुजराती अशा अन्य भाषांतील जीर्ण अंकही तेथे जपले जातात. पेंड्रा हे गाव आता गौरेला-पेंड्रा-मरवाही या २०२० मध्ये झालेल्या नव्या जिल्ह्यात आहे.